मोटारीच्या गिअरबॉक्सला येणारा ताप

घोड्यावरून प्रवास करण्याचे दिवस होते, तेव्हां लांबची मजल मारून आलेला घोडा मोतद्दार लगेच ठाणावर बांधीत नसे. घामानें निथळणाऱ्या त्या जनावरास तो लगाम धरून अंगणांत सावकाश फिरवी; त्याचा श्वास शांत झाला म्हणजे मगच त्याला पाणी दाखवी आणि दाणावैरणीकडे नेई. दौड संपली म्हणजे श्रम संपले असें होत नाहीं, दौडीनें अंगांत सांठलेली उष्णता हळूहळू बाहेर पडावी लागते, हें त्या अशिक्षित मोतद्दारास पक्कें ठाऊक होतें. पुढें घोड्याची जागा मोटारीनें घेतली. हें साधें ज्ञान मात्र घोड्याबरोबर तबेल्यांतच राहून गेलें.

फाल्गुनांतील एक दुपार डोळ्यांपुढें आणावी. पुण्यांतील एक कुटुंब सासवड, जेजुरी, मोरगांव या मार्गानें बारामतीस आणि तेथून पुढें इंदापुरास निघालें आहे. गाडी नवी असून तिचे गिअर आपोआप बदलतात. दिवेघाटाचा चढ मालाच्या ट्रकांमागून थांबत थांबत चढावा लागतो. पुढें बारामती ओलांडल्यावर भवानीनगरच्या बाजूस उसाचे ट्रॅक्टर लागतात. एकेका ट्रॅक्टरामागें दोन दोन ट्रॉल्या, आणि त्यांवर रस्ता व्यापून टाकणारा ऊस. त्यांच्या मागें रांगावयाचें, संधि मिळतांच जोरानें पुढें घुसावयाचें, कीं समोर पुन्हां दुसरा ट्रॅक्टर. अखेर घर येतें. गाडी दारांत उभी राहतांच घरधनी इंजिन बंद करतात आणि म्हणतात, "फार तापली आहे बिचारी, तिला आतां विश्रांति द्या." हेतु चांगला, परंतु गिअरबॉक्सच्या दृष्टीनें ही विश्रांति नव्हे. असें कां, हें समजण्यासाठीं त्या पेटींत काय चालतें तें पाहिलें पाहिजे.

मोटारीचें इंजिन एका ठराविक गतीच्या खालीं फिरूं शकत नाहीं. फार हळू फिरविलें तर तें बंद पडतें. चाकांना मात्र शून्यापासून आरंभ करावा लागतो. इंजिन फिरत आहे आणि चाकें स्थिर आहेत, ही विसंगति मध्यें कोणीतरी सोसली पाहिजे. साध्या गाडींत तें काम क्लच करतो. चालक डावा पाय हळूच उचलतो, दोन तबकड्या एकमेकींवर क्षणभर घासतात आणि मग एकजीव होऊन फिरूं लागतात. स्वयंचलित गिअरच्या गाडींत डाव्या पायास काम नसतें. त्यांतील जुन्या व प्रतिष्ठित जातींत इंजिन आणि चाकें यांच्यामध्यें तेल असतें.

तेलानें गाडी कशी ओढली जाते, याची प्रचीति घरीं सहज घेतां येते. विजेचे दोन पंखे टेबलावर समोरासमोर ठेवावे व त्यांपैकीं एकच चालू करावा. त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. मात्र तो पहिल्यापेक्षां नेहमीं कांहींसा मागें राहतो. आतां हवेच्या जागीं तेल घ्यावें, दोन्ही पंखे एका बंद डब्यांत अगदीं जवळ बसवावे, आणि परत येणाऱ्या तेलास योग्य दिशा देणारें एक तिसरें चक्र मध्यें घालावें. यालाच टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. गाडी जागेवरून हलतांना तो इंजिनाचा जोर सुमारें दुप्पट करून देतो. दुसरा पंखा पहिल्याच्या मागें राहतो त्यास घसर म्हणूं. सारा सुखाचा प्रवास या घसरीमुळें शक्य होतो, आणि सारा तापहि हिच्याच पोटीं जन्मतो.

ही युक्ति मोटारीसाठीं शोधलेली नव्हती. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरानें १९०५ मध्यें तिचें पेटंट घेतलें, तें जहाजांसाठीं. वाफेचें टर्बाइन अतिशय वेगानें फिरतें, आणि जहाजाच्या पंख्यास मात्र सावकाश फिरावें लागतें. या दोघांची सांगड घालणें हा त्याचा प्रश्न होता. नेमका हाच प्रश्न उसाच्या घाण्यापुढेंहि असतो. टर्बाइनवर चालणाऱ्या घाण्यांत टर्बाइन मिनिटास कांहीं हजार फेरे घेतें, आणि ऊस पिळणाऱ्या लाटा चार-पांचच. इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर येथें साखर कारखान्यांचीं यंत्रें आणि गिअरबॉक्स कित्येक वर्षें घडविले जात आहेत. तेथें हें काम दंतचक्रांच्या रांगा करतात. उत्तम घडणीची दंतचक्रांची एक जोडी शंभरांपैकीं जेमतेम एक-दोन भाग शक्ति खाते. तरीहि अशा मोठ्या पेट्यांतील तेल पंपानें फिरवून थंड करावें लागतें. मग जेथें दातांस दात भिडलेलेच नाहींत व सारा व्यवहार तेलाच्या झोतावर चालतो, तेथें किती शक्ति वांयां जात असेल याची कल्पना करावी.

मोटारीच्या बाजारांत ही सोय प्रथम मोठ्या प्रमाणावर आली ती अमेरिकेंत. जनरल मोटर्स कंपनीनें १९३९ मध्यें आपल्या ओल्ड्समोबिल गाडीसाठीं "हायड्रामॅटिक" नांवाचा गिअर पुढें आणला. १९४८ मध्यें ब्युइक गाडींत टॉर्क कन्व्हर्टर आला. त्यानें चालण्यांत मोठी मृदुता आली, पण घसरहि वाढली. १९४९ मध्यें पॅकार्ड कंपनीनें तोड काढली: गाडीनें चांगला वेग घेतला म्हणजे दोन्ही पंख्यांना एका क्लचनें बांधून टाकावयाचें, कीं घसर उरूंच नये. या बंधनास लॉक-अप म्हणतात. आजच्या बहुतेक टॉर्क कन्व्हर्टरांत तें असतें, आणि पुढील विवेचनांत त्याचें महत्त्व दिसून येईल.

वांयां गेलेली शक्ति जाते कोठें? ती नाहींशी होत नाहीं. तिची उष्णता होते. मँचेस्टरच्या जेम्स जूल यानें १८४५ च्या सुमारास पाण्याच्या भांड्यांत वल्हीं लावलेला दांडा उतरत्या वजनांच्या ओढीनें फिरविला, आणि नुसत्या ढवळण्यानें पाणी किती तापतें तें मोजून दाखविलें. ताक घुसळतांना रवीनेंहि तेंच होतें, पण हाताची शक्ति इतकी थोडी असते कीं तें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. टॉर्क कन्व्हर्टर ही इंजिनानें फिरविलेली रवी आहे, आणि इंजिनाची शक्ति थोडी नसते.

थोडा हिशेब करून पाहावा. घाट चढतांना इंजिन २० किलोवॉट, म्हणजे सुमारें २७ अश्वशक्ति देत आहे, आणि घसरीमुळें त्यांतील शंभरांपैकीं ८० भागच पुढें पोंचत आहेत असें समजूं. राहिलेले ४ किलोवॉट तेलांत उष्णता होऊन उतरतात. न्हाणीघरांतील २ किलोवॉटचे दोन गीझर एकदम लावावे, एवढी ही आंच झाली. गिअरबॉक्समध्यें तेल असतें सुमारें सात लिटर. तें थंड करण्याची कांहींच सोय नसती आणि धातूच्या अंगानेंहि त्यांतील वाटा उचलला नसता, तर एका मिनिटांत त्याचें उष्णतामान २० अंशांनीं चढलें असतें. म्हणूनच हें तेल पंपानें नळीवाटे रेडिएटराकडे किंवा वेगळ्या कूलराकडे नेतात आणि निववून परत आणतात.

सर्व यथास्थित असतां हें तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसवर काम करतें. १२० च्या पुढें तें बराच वेळ राहिलें तर त्यांतील गुणकारी द्रव्यें मोडूं लागतात व धातूवर चिकट पुटें धरतात. १५० च्या आसपास रबरी सील कडक होतात आणि आंतील क्लचांचीं अस्तरें करपूं लागतात. कारागिरांचा एक ठोकताळा आहे कीं, नेहमींच्या मर्यादेपलीकडे दर दहा-अकरा अंशांस तेलाचें आयुष्य निम्म्यानें घटतें. नवीं कृत्रिम तेलें याहून कांहीं अधिक सोसतात, पण नियमाचा रोंख तोच राहतो. शिवाय यांत एक दुष्टचक्र आहे. तेल तापलें कीं पातळ होतें. पातळ तेलाचा दाब उतरतो. दाब उतरला कीं आंतील क्लच घट्ट धरत नाहींत व घसरूं लागतात. आणि त्या घसरीनें तेल आणखी तापतें. हें चक्र एकदां पुरें फिरलें म्हणजे गिअरबॉक्स उघडण्यावांचून गत्यंतर नसतें, आणि त्या एका कामानें मध्यम स्थितींतील घराचा वर्षाचा जमाखर्च कोलमडतो.

आतां पुन्हां रस्त्यावर यावें. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, वेगानें गाडी तापते व हळू चालविल्यानें निवते. गिअरबॉक्सच्या बाबतींत हें पुष्कळ वेळां उलटें असतें. पुणें-सोलापूर हमरस्त्यावर भिगवणच्या बाजूस गाडी एकसारख्या, मर्यादित वेगानें चालली आहे. लॉक-अप बसलेला आहे, घसर नाहीं, आणि समोरून भरपूर वारा रेडिएटरावर येत आहे. ही गिअरबॉक्सची सुटी होय. दिवेघाटांत ट्रकांमागें थांबून पुन्हां उचल घेतांना मात्र शक्ति मोठी, घसर मोठी आणि वारा नाहीं. तेथें तो खरा राबतो. उसाच्या ट्रॉल्यांमागें रांगतांना शक्ति थोडी लागते, म्हणून उष्णताहि थोडी निघते. पण तिला वाहून नेणारा वाराहि नसतो, आणि दर वेळीं पुढें घुसतांना आंचेचा एक नवा लोट येतो. आषाढांत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगांव केतकी या वाटेनें इंदापुरास जाते. त्या दिवसांत जवळपासच्या रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा पावलापावलानें सरकतात, तेव्हांचीहि हीच स्थिति. तात्पर्य, कठीण प्रवास म्हणजे वेगाचा प्रवास नव्हे. कांट्यावरचा आंकडा पाहून गिअरबॉक्सचे श्रम कळत नाहींत. शक्ति किती, घसर किती आणि वारा किती, या तिहींचा मेळ पाहावा लागतो.

हा विषय केवळ मोटार बाळगणाऱ्यांचा नाहीं. ज्या बारामतीच्या रस्त्यांवरून हा प्रवास चालला आहे, तेथेंच स्वयंचलित गिअर हजारोंनीं बनतात. इटलींतील पियाजिओ कंपनीचा कारखाना बारामतींत आहे, आणि २०१२ पासून तेथें व्हेस्पा स्कूटर तयार होते. १९४६ मध्यें इटलींत निघालेल्या मूळ व्हेस्पाचे गिअर डाव्या हाताची मूठ पिळून बदलावे लागत. बारामतीची व्हेस्पा ते आपले आपण बदलते. तिच्यांत तेलाचे पंखे नाहींत. दोन शंक्वाकार पुली आणि त्यांवरून फिरणारा रबरी पट्टा, एवढीच ती रचना. इंजिनाचा वेग वाढला कीं पुढच्या पुलींतील लहान रोलर बाहेर फेंकले जातात, पुलीच्या दोन बाजू जवळ येतात आणि पट्टा वर सरकतो. विहिरीच्या रहाटाचा व्यास चालतां चालतां बदलावा तसें हें आहे. हॉलंडच्या डाफ कंपनीनें १९५८ मध्यें हीच पद्धति मोटारींत आणली होती. घरोघरीं दिसणाऱ्या गिअररहित स्कूटरांचें अंतरंग बहुधा असेंच असतें.

येथेंहि शत्रु तोच, घसर. मागच्या चाकापाशीं एक क्लच असतो, तो वेग आल्याशिवाय पुरता धरत नाहीं. चढावर उभें राहतांना ब्रेक न लावतां, थोडें थोडें पेट्रोल देऊन स्कूटर तोलून धरण्याची कित्येकांस संवय असते. तेवढा वेळ तो क्लच नुसता घासत राहतो, व त्याची आंच शेजारच्या पट्ट्यास लागते. रबर फार तापलें कीं त्याच्या कडा गुळगुळीत होऊन चकाकूं लागतात. मग तो आणखी घसरतो, आणि एके दिवशीं भर रस्त्यांत तुटतो. करपलेल्या रबराचा वास हा त्याचा पहिला निरोप असतो. तो आला तर स्कूटर बाजूस घेऊन निवूं द्यावी आणि पट्टा तपासून घ्यावा.

तिसरी एक जात आहे तिचाहि उल्लेख केला पाहिजे. २०१४ मध्यें मारुति सुझुकीनें सेलेरिओ गाडींत स्वस्त असा स्वयंचलित गिअर दिला, आणि तशा गाड्या पुढें फार झाल्या. त्यांत तेलाचे पंखे नसतात. साधाच कोरडा क्लच व साधाच गिअरबॉक्स असून, पाय व हात यांचें काम एक यंत्र करतें. लोक तिला ऑटोमॅटिक म्हणतात आणि तेलाची गाडी समजून वागवितात. चढावर अॅक्सिलरेटर दाबून अशी गाडी तोलून धरली तर कोरडा क्लच भाजून निघतो. म्हणून आपल्या गाडींत कोणत्या जातीचा गिअर आहे, हें गाडीबरोबर मिळालेलें पुस्तक उघडून प्रत्येकानें एकदां पाहून ठेवावें.

आतां मुख्य प्रश्न: कठीण प्रवासानंतर काय करावें? तेल थंड करणारा पंप इंजिनच फिरवितें. इंजिन बंद होतांच पंप थांबतो, तेलाचा कूलराकडे जाणारा प्रवाह थांबतो, आणि कन्व्हर्टरांतील तापलेलें तेल जेथल्या तेथें, भोंवतालच्या तप्त धातूंत कोंडून राहतें. हाच तो लगेच ठाणावर बांधलेला घोडा. यासाठीं पहिला नियम असा कीं, शेवटचे दोन-तीन किलोमीटर सौम्यपणें चालवावे; वाऱ्यासारखा दुसरा वैद्य नाहीं. दारांत पोंचल्यावर गाडी सपाटीवर उभी करून हातब्रेक लावावा, गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा आणि इंजिन दोन ते पांच मिनिटें मंद चालूं द्यावें. पंप चालतो, पंखा फिरतो, आणि घसर नसल्यामुळें नवी उष्णता फारशी येत नाहीं. गिअर "ड्राइव्ह"मध्यें ठेवून पायानें ब्रेक दाबून बसणें मात्र टाळावें. कारण तेव्हां एक पंखा बांधलेला व दुसरा फिरता असतो, म्हणजे रवी चालूच असते. रहदारींत बराच वेळ खोळंबा होणार असेल तेव्हांहि हाच नियम लागू पडतो.

यास दोन अपवाद आहेत. इंजिनाच्या पाण्याचाच कांटा लाल रेषेपलीकडे गेला असेल, तर इंजिन बंदच करावें आणि गरम रेडिएटराचें झांकण उघडूं नये. स्कूटर आणि कोरड्या क्लचची गाडी यांत तेल फिरविण्याचा प्रश्नच नाहीं; तेथें सौम्यपणें केलेला शेवटचा टप्पा आणि मग स्वस्थ उभें राहणें, एवढाच उपचार. तापलेल्या गिअरबॉक्सवर पाणी मात्र कधींहि ओतूं नये. एकदम निवालेला धातु तडकण्याचा संभव असतो.

घाटांत आधींच काळजी घेतली तर नंतरचे उपचार कमी लागतात. चढावर गिअर वरखालीं सारखा बदलूं लागला, तर हातानें खालचा गिअर निवडावा. इंजिन मोकळें फिरतें, घसर घटते. उतारावरहि खालचाच गिअर ठेवावा, म्हणजे ब्रेकांचा भार हलका होतो. पेट्रोल वांचविण्याच्या लोभानें उतारावर न्यूट्रल करणें हें मात्र धोक्याचें आहे. त्यानें इंजिनाची अडवणूक जाते, ब्रेक तापतात, आणि संकटसमयीं गाडी हातीं राहत नाहीं. तेलाचा रंग व वासहि गॅरेजमध्यें अधूनमधून पाहवून घ्यावा. नवें तेल बहुधा लाल व स्वच्छ असतें. तें काळपट तपकिरी दिसूं लागलें आणि त्यास करपट वास आला, तर तें बदलण्यास उशीर करूं नये. गाडीच्या पुस्तकांत कठीण वापरासाठीं बहुधा निराळी, कमी अंतराची मुदत दिलेली असते. ज्याचा नित्याचा रस्ता घाटांतून व उसाच्या ट्रॉल्यांमागून जातो, ज्याच्या गांवीं चैत्र-वैशाखांत पारा चाळिसाच्या वर चढतो, त्याचा वापर कठीणच होय. त्यानें ती दुसरी मुदत आपली समजावी.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत हे गिअर बहुधा नाहींतच. तेथील ताप मोटरीचा आणि बॅटरीचा. पण यंत्र बदललें म्हणून सृष्टीचा नियम बदलत नाहीं. जें काम दुसरा कोणी आपल्यासाठीं मुकाट्यानें करतो, त्याचे श्रम दिसत नाहींत म्हणून ते नसतात असें नव्हे. स्वयंचलित गिअरनें चालकाचा डावा पाय मोकळा केला आणि त्याचे कष्ट आपल्या अंगावर घेतले. प्रवासाच्या शेवटीं त्याचे पांच मिनिटांचे देणें आहे. तेवढीं पांच मिनिटें अंगणांत घोडा फिरविणाऱ्या त्या मोतद्दाराची आठवण ठेवून घालवावीं.